बारा माणसांचं हाटेल

परवा पुतण्याच्या पोरीचा बस्ता बांधायला कोल्हापूरला जायचं ठरलं. दोन गाड्या, बावीस माणसं. कापडाचं दुकान पाच मिनिटांत ठरलं, पण दुपारी जेवायचं कुठं यावर आमच्या सोप्यात दीड तास खल झाला. पोरं मोबाईल काढून बसली. कुठल्या हॉटेलाला किती चांदण्या, कुठं रस्सा पायजे तेवढा वाढतात, कुठं गाड्या लावायला जागा, कुठं म्हाताऱ्यांना जिना चढावा लागत नाही. एक म्हणायचा, इथलं सुकं चांगलं. दुसरा म्हणायचा, सुकं चांगलं पण पांढरा रस्सा म्हणजे नुसतं पाणी. सगळं ऐकून झाल्यावर मी एवढंच विचारलं, "सगळ्यांना बसायला मिळंल न्हवं?"

पुतण्या म्हणाला, "काका, एका टायमाला दोनशे माणूस बसतंय तिथं. काळजी करू नका."

मी गप्प बसलो. दाराजवळच्या खुर्चीत आमचा कंडक्टर बसला होता. एसटीतून रिटायर होऊन त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली, तरी सगळं गाव त्याला कंडक्टरच म्हणतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसला. माझा प्रश्न त्याला कळला होता. तो प्रश्न खरं तर साठ वर्षांपूर्वी कुणीतरी विचारायला हवा होता.

आमचं गाव पन्हाळ्याच्या बाजूला, कोल्हापूरपासून आठ कोसांवर. रान उसाचं, आणि त्या काळात आमच्याकडं ऊस म्हणजे गूळ. दिवाळी सरली की गुऱ्हाळं लागायची. घाण्यातनं रस निघायचा, तो काहिलीत पडायचा, खाली चुलवाण रात्रंदिवस पेटलेलं. रस कधी उतरवायचा हे ठरवणारा गुळव्या म्हणजे त्या मांडवातला राजा. थंड झालेल्या गुळाच्या ढेपेला आम्ही रवा म्हणतो. असे वीस-पंचवीस रवे एका बैलगाडीत रचायचे, वर पाचट टाकायचं, आणि भावकीतल्या सहा गाड्या मिळून शाहूपुरीच्या पेठेला निघायचं.

शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली. कोल्हापूरचा गूळ गुजरातेपर्यंत गेला तो या पेठेमुळं. आमच्यासारख्या गावांना रोख पैसा बघायला मिळाला तोही इथंच. गावात सगळं बलुत्यावर, उधारीवर चालायचं. शाहूपुरीत अडत्याच्या पेढीवर पट्टी हातात पडली की माणसाच्या चालण्यात फरक पडायचा. आणि रोख पैसा हातात असला तरच हॉटेल हा विषय निघतो.

सहा गाड्या म्हणजे बारा माणसं. रात्री जेवणं झाल्यावर निघायचो. गाडीखाली कंदील बांधलेला, बैल वाट ओळखणारे, त्यामुळं गाडीवान खुशाल झोपायचे. पंचगंगेवरच्या शिवाजी पुलावर यायला उजाडायचं. तिथनं थोरल्या दवाखान्यावरून शाहूपुरी. रवे उतरा, वजन करा, सौदा होईपर्यंत थांबा, या सगळ्यात सूर्य डोक्यावर यायचा. बांधून आणलेल्या भाकरी पहाटेच नदीवर संपलेल्या असायच्या. मग माझे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, पट्टीच्या पैशाची चंची कमरेला खोचून उठायचे आणि म्हणायचे, "चला, हाटेलात जाऊया."

हॉटेल निवडायची आबांची रीत होती. बोर्ड ते वाचत नसत, कारण वाचता येत नव्हतं. आधी हमाल कुठं खातात ते बघायचे. पाठीवर दिवसभर ओझं वाहणारा माणूस पैसे टाकून वाईट खाणार नाही, असा त्यांचा हिशेब. मग दारात उभं राहून कढईकडं बघायचे. तेल काळं झालेलं असलं तर पुढं चला. मग गिऱ्हाइकानं रिकामी वाटी पुढं केल्यावर मालक काय करतो ते बघायचे. मिसळीचा कट दुसऱ्यांदा न विचारता ओतणारा मालक त्यांना आवडायचा. शेवटी बैल सोडायला सावली आणि जवळ पाण्याचा हौद आहे का. बारा माणसं आणि बारा बैल, दोघांची सोय पाहिजे. आज पोरं मोबाईलमध्ये जे तासभर शोधत होती ते आबा रस्त्यावरून चालत पाच मिनिटांत करायचे, आणि फारसे चुकायचे नाहीत.

पण त्या बारांतला एकजण कधी आत येत नसे.

तो नाना. महारवाड्यातला. आमच्या गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचं काम त्याचं. जाळ कधी वाढवायचा, कधी ओढून घ्यायचा हे गुळव्याच्या नुसत्या डोळ्यावरून ओळखायचा. गुळाचा रंग निम्मा जाळावर असतो. म्हणजे आमच्या गुळाला पेठेत जो भाव यायचा त्यातला निम्मा नानाच्या हाताचा. काहिलीला मात्र त्याला हात लावू देत नसत. आबांहून तो दहा वर्षांनी मोठा. आम्ही पोरं त्याला नाना म्हणायचो, मोठी माणसं 'आरं नाना' म्हणायची. आता लिहिताना 'नाना आले', 'नाना म्हणाले' असं लिहावं असं मनात येतं. पण आम्ही तसं बोललो नाही कधी. जे बोललो तेच लिहितो.

आबांचा अन् नानाचा हा प्रकार नीट कळायचा तर हॉटेल ही गोष्ट आपल्याकडं कशी आली ते थोडं सांगायला पाहिजे. घराबाहेर, परक्याच्या हातचं, परक्याशेजारी बसून खाणं आपल्या माणसांना फार जड गेलं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या नामवंत मंडळींपुढं चहा-बिस्किटं आली. त्यांत टिळक होते, रानडे होते. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता पुढ्यात ठेवला, तरी त्यावरून एवढं वादळ उठलं की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत आणि शेवटी प्रायश्चित्तापर्यंत गेलं. एका चहाची ही कथा. पुढं शहरांत खाणावळी वाढल्या तेव्हा स्वयंपाकी कोणत्या जातीचा हे पाटीवरच सांगायची रीत पडली. जेवण कसं आहे ते नंतर, आधी कुणाच्या हातचं आहे ते सांगा. खेड्यात तर हॉटेलात बसणारा म्हणजे घर बुडवायला निघालेला असंच मानत. आमच्या आजीनं शेवटपर्यंत हॉटेलातला चहा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही.

मुंबईची तऱ्हा वेगळी असेल असं आम्हांला वाटायचं. आमच्या गावची पुष्कळ माणसं गिरणीत होती. एका गाळ्यात वीस-वीस माणसं पाळीपाळीनं झोपायची आणि एखाद्या बाईच्या खाणावळीत महिन्याच्या बोलीवर जेवायची. या खाणावळवाल्या बायांची पुढं १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून संघटना बांधली. पण खाणावळी बहुतेक आपापल्या गावच्या, आपापल्या जातीच्या. खुद्द गिरणीतही तीच गत. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात घेत नसत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघड मांडला. यंत्र विलायतेचं, धागा कापसाचा, आणि उष्टं मात्र आमच्या गावचं.

आता कोल्हापूर. हे शहर या बाबतीत इतरांपेक्षा पुढं असायला हवं होतं, आणि काही काळ होतंही. शाहू महाराजांनी १९१९ साली दवाखान्यांत, शाळांत, पाणवठ्यांवर शिवाशिव पाळू नये असे हुकूम काढले. त्यांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून तिथल्याच सवर्ण नोकरांनी त्यांना मारलं. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी गंगारामांना सांगितलं की नोकरी नको, स्वतःचा धंदा काढ. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. नाव सत्यसुधारक हॉटेल. गिऱ्हाईक कुठनं येणार? तर खुद्द महाराज रोज फिरायला निघाले की हॉटेलापुढं गाडी उभी करायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजायचे. राजा पितो म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं! हुकमानं जे झालं नसतं ते महाराजांनी कपबशीनं केलं. पण १९२२ साली महाराज गेले. त्यांचं वय अठ्ठेचाळीससुद्धा पुरं झालं नव्हतं.

पुढं १९४९ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९५० साली राज्यघटना लागू झाली. तिच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, घाट सगळी नावं घेऊन लिहिलंय की तिथं जातीवरून कुणाला अडवायचं नाही. १९५५ साली अस्पृश्यता हा शिक्षेचा गुन्हा करणारा कायदाही आला. हे सगळं मी पुढं शिक्षक झाल्यावर वाचलं. मी जे सांगणार आहे ते या कायद्याच्या सहा वर्षांनंतरचं आहे.

पानशेतचं धरण फुटलं त्या वर्षीचा गुळाचा हंगाम, म्हणजे १९६१चा हिवाळा. मी पाचवीत. हट्ट करून गाडीवर बसून आलो होतो, बारावर तेरावा. आबांनी नेहमीच्या रीतीनं हॉटेल हेरलं. हमालांची गर्दी, कढईत भजी फुललेली, मालक कट ओततोय. सगळे पायांवर पाणी घेऊन आत शिरले. नाना दारापर्यंत आला आणि म्हणाला, "तुम्ही व्हा म्होरं. मी बैलांजवळ थांबतो."

आबा म्हणाले, "बरं."

एवढंच. कुणी कुणाला अडवलं नाही, कुणी कुणाची जात विचारली नाही. कायद्यात बसणारा गुन्हा कुणीच केला नाही. मालक फडक्यानं टेबल पुसत होता. माझ्यापुढं मिसळ आली. मी पहिला घास घेतला आणि मोठ्यानं विचारलं, "आबा, नाना का न्हाई आत? बैलं तर बांधल्याती."

टेबलावरचं बोलणं थांबलं. थोरल्या चुलत्यानं माझ्या मांडीवर बोट रोवलं आणि म्हणाला, "गप खा." हॉटेल छोटं होतं आणि दार उघडं होतं. नाना चाकाला टेकून बसला होता, चार पावलांवर. त्यानं ऐकलं असणारच.

आबांनी मला नानाची मिसळ न्यायला लावलं. पोरानं नेली की कुणाचं काही बिघडत नाही. मालकानं पानाच्या द्रोणात मिसळ घातली आणि भिंतीतल्या एका कोनाड्याकडं बोट दाखवून म्हणाला, "च्या त्यात घे." कोनाडा दाराच्या बाहेरच्या अंगाला होता. त्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला. त्याला बशी नव्हती. मालक किटली घेऊन दारापर्यंत आला आणि मी धरलेल्या कपात त्यानं वरनं धार सोडली. माझ्या बोटावर चहा सांडला. नानानं कप घेताना माझं बोट बघितलं आणि म्हणाला, "भाजलं का रं?"

चहा पिऊन झाल्यावर नाना हौदाजवळ गेला, तिथं एका पोराकडनं कपात पाणी घालून घेतलं, कप विसळला आणि कोनाड्यात पालथा ठेवला. कुठं ठेवायचा ते त्याला कुणी सांगितलं नाही. ठाऊक होतं.

परत येताना मी नानाच्या गाडीत बसलो. थोरल्या दवाखान्याजवळ आलो तेव्हा त्यानं भाऊसिंगजी रोडकडं आसूड केला. "तितं आमच्यातल्या एकाचं हाटेल हुतं. माझ्या बानं च्या पिलाय तितं. बाकड्यावर बसून." मी विचारलं, "आता कुठं हाय?" तो म्हणाला, "म्हाराज गेलं की." आणि बैलाला हाक दिली. पुढं पुस्तकात सत्यसुधारक हॉटेलची हकीकत वाचली तेव्हा मला ते बाकडं आठवलं. पुस्तकात बाकड्याचा उल्लेख नव्हता. नानाच्या बापाला मात्र चहापेक्षा तेच लक्षात राहिलं होतं.

त्या प्रसंगानंतर आबा बदलले असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो. पुढच्या खेपेपासून त्यांनी हॉटेलात जाणं बंद केलं. पातेलं, तिखट, कांदा, तेल गाडीत घालून न्यायचं, पेठेच्या कडेला तीन दगड मांडायचे आणि बारा माणसांचा रस्सा तिथंच करायचा. पोरगं बोललं ते बापाच्या मनाला लागलं, अशी ही गोष्ट मी शाळेतसुद्धा सांगितली आहे. पण त्या गोष्टीतला एक भाग मी गाळायचो. त्या तीन दगडांच्या चुलीवर रस्सा व्हायचा तेव्हाही नाना गाडीच्या चाकापलीकडं बसायचा. अकरा माणसं चाकाच्या या अंगाला, एक त्या अंगाला, आणि चाकाच्या आऱ्यांतनं भाकरी पलीकडं जायची. आबांनी हॉटेल बदललं नाही, टाळलं. मालकाची ती कपबशी त्यांना बघवेना, एवढंच झालं असावं. की मी परत काही मोठ्यानं विचारीन ही भीती? मी त्यांना कधी विचारलं नाही. बापाला असलं विचारायची सोय आमच्या पिढीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही भाकरी आऱ्यांतनं देताना तेव्हा काही वाटत नव्हतं.

आमच्या भागात ही गोष्ट फोडली ती एसटीनं, असं माझं मत आहे. समाजसुधारकांना मी कमी लेखत नाही. बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' मोहीम १९७२च्या सुमाराची, तिच्यामुळं गावोगाव वाद झाले आणि काही ठिकाणी पाणी मोकळंही झालं. पण एसटीचं काम बिनबोभाट. पहिली गाडी १९४८च्या १ जूनला पुणे-नगर धावली. तिकीट काढलं की जी मोकळी ती जागा. शेजारी कोण बसलाय ते विचारायला वेळ नाही आणि विचारून उपयोग नाही. गाडी स्टँडवर दहा मिनिटं थांबणार, तेवढ्यात कँटीनच्या काउंटरवर रेटारेटी करून चहा घ्यायचा. कपाला कान आहे की नाही हे कोण बघतो! सगळ्यांना तोच जाड काचेचा ग्लास, त्याच बादलीत बुडवून काढलेला. स्वच्छतेच्या नावानं बोंब होती. पण ती सगळ्यांना सारखी.

शेजारी बसून खायची पहिली सवय माझ्या पिढीला स्टँडवर लागली. दुसरी लागली बहात्तरच्या दुष्काळात. पाझर तलावाच्या कामावर सुकडी वाटायचे, तेव्हा एकच रांग होती, आणि त्या रांगेत भावकीतली आमची दोन घरं होती.

नानाचा थोरला माझ्याच वर्गात. पाचवीपासून अकरावीपर्यंत आम्ही एका बाकावर नव्हतो, पण एका वाटेनं शाळेत जायचो. तो एसटीत कंडक्टर झाला, मी गुरुजी झालो. तेव्हापासून आम्ही एकमेकांना तेच म्हणतो.

१९७८ साली धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. बस्त्याला चौदा माणसं, त्यांत पाच बाया. आता प्रश्न अवघड झाला. माझी आई तोवर एकदाही हॉटेलात जेवली नव्हती. आमच्या गावातली कुठलीच बाई जेवली नव्हती. गुळाच्या गाड्यांबरोबर बाया जायच्या नाहीत, म्हणून 'सगळे हॉटेलात गेले' असं आम्ही म्हणायचो त्यात त्या नव्हत्याच. शहरात पडदे लावलेल्या फॅमिली रूम होत्या, पण त्या पडद्याआड बसायची आईला लाज वाटायची. ती म्हणायची, "काय चोरी केलीया का?" आबांची हमाल बघायची रीत इथं चालेना. हमालांच्या गर्दीत बायकांना कसं बसवणार?

मी कंडक्टरला गाठलं. हॉटेल विचारायचं तर कंडक्टरला विचारावं. दहा गावचं पाणी प्यालेला माणूस, कुठं पोट बिघडतं आणि कुठं नाही हे त्याला पोटावरून माहीत. तो म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशी माझी सुट्टी हाय. मीच येतो."

दुपारी त्यानं आम्हांला स्टँडमागच्या एका बोळात नेलं. एका विधवा बाईची खाणावळ, तिच्या राहत्या घरात. बाहेर पाटी नाही. ओसरीवर चटया अंथरलेल्या, आत चुलीवर भाकऱ्या. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर तिथं जेवायचे. बाईनं त्याला बघितल्याबरोबर आतनं हाक दिली, "किती जण हाय रं भाऊ?" तो म्हणाला, "चौदा आनि मी." आणि चपला काढून सरळ ओसरीवर मधोमध जाऊन बसला. त्याच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी.

आबा दारात थांबले. तेव्हा त्यांची सत्तरी जवळ आली होती. किती वेळ थांबले ते सांगता येणार नाही. मला फार वाटला. मग टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याच्या उजव्या हाताला बसले. बाकीचे त्यांच्यामागं बसले. थोरला चुलता मात्र बाहेरच राहिला. म्हणाला, "माझा उपास हाय." वार कोणता होता ते कुणी काढलं नाही. तो बोळात एका फळीवर बसला, दाराकडं पाठ करून. कंडक्टरनं बाईला सांगून त्याला चहा पाठवला, बशीसकट. चुलत्यानं तो घेतला. उपासाला चहा चालतो.

जेवण काय होतं ते मला आजही सांगता येईल. बाजरीची भाकरी, तांबडा रस्सा, कांदा, आणि भाताला पांढरा रस्सा. रस्स्यात रंग घातलेला नव्हता, तिखटाचाच होता. आजकाल पानावर पडतो तो लालभडक तवंग बघितला की मला त्या बाईची आठवण येते. पानात काही कमी पडलं की ती मागायच्या आधी यायची. आबांनी तिला एकदाच हाक मारली, पाण्यासाठी. तिनं तांब्या आणून कंडक्टरपुढं ठेवला, कारण तो मधे होता. त्यानं वरनं पाणी प्यालं आणि तांब्या आबांकडं सरकवला. आबा प्याले.

आई कुठं होती म्हणाल, तर ती दोन घास खाऊन उठली आणि आत चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला बसली. चौदा माणसांचं एकट्या बाईनं करायचं हे तिला बघवेना. पहिल्यांदा हॉटेलात जेवायला गेली ती अशी.

नाना त्यात नव्हता. दोन वर्षांपूर्वीच तो गेला होता. गुऱ्हाळं कमी झाली, ऊस साखर कारखान्याला जायला लागला, गाड्या शाहूपुरीला जायच्या बंद झाल्या, आणि नानाला घेऊन कुठं जेवायला जायचा प्रसंगच आला नाही, असं मी स्वतःला सांगत असे. प्रसंग आला नाही हे खरं नाही. मला नोकरी लागून सहा वर्षं झाली होती. दर महिन्याला पगाराला मी तालुक्याला जायचो, नानाही कधी कधी त्याच गाडीला असायचा. कँटीनमध्ये 'नाना, च्या घ्या' म्हणायला दहा पावलं चालावं लागलं असतं. मी हात वर करून रामराम घालायचो आणि वर्तमानपत्र घ्यायला वळायचो.

तर परवाचा बस्ता. पोरांनी शेवटी हायवेकडेचं एक नवं हॉटेल पक्कं केलं. चांदण्या भरपूर. आत शिरताना जुन्या वाड्यासारखं केलेलं दार, भिंतीला कंदील, कोपऱ्यात जातं, आणि अंगणात एक बैलगाडीचं चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं, तेलपाणी करून चकचकीत. पोरी त्या चाकाजवळ उभ्या राहून फोटो काढायला लागल्या. नवरी होणारी पोर मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण या ना. कंडक्टर आजोबा, तुम्ही पण. चाकाजवळ बसा दोघं."

कंडक्टर चाकाकडं बघत उभा राहिला. एका आऱ्यावर त्यानं हात ठेवला, मग काढला.

"गुरुजी, आतलं टेबल बघा," तो म्हणाला. "हितं ऊन लागतंय."

आम्ही आत गेलो. बावीस माणसांसाठी सहा टेबलं जोडली होती. वाढपी पोरगा वही घेऊन आला आणि त्यानं विचारलं किती थाळ्या. मी पोरांना मोजायला लागलो तोवर कंडक्टरनं नेहमीच्या सवयीनं सगळ्या टेबलांवरून एकदा नजर फिरवली आणि आकडा सांगितला. बावीस बरोबर होते.